शनिवार-रविवारचा वैमानिक

वसंता उके हवाई दलातून परत आला तेव्हा मध्य प्रदेशातल्या बालाघाटात त्याच्याबद्दल दोन मतं होती. एक मत असं, की त्याला काढून टाकलं. दुसरं असं, की तो पळून आला. मुदत संपली म्हणून तो परत आला हे तिसरं मत फक्त त्याचं स्वतःचं होतं, आणि ते तो कोणाला सांगत नसे, कारण कोणी विचारत नसे.

खरी गोष्ट साधी होती. नागपूरला सायन्स कॉलेजात शिकताना तो एनसीसीच्या हवाई शाखेत गेला, तिथून निवड होत होत हवाई दलात अधिकारी झाला, पण ठरावीक वर्षांच्या कमिशनवर. डाकोटा नावाचं मालवाहू विमान तो चालवायचा. बासष्ट साली चीनशी लढाई झाली तेव्हा तो आसामात होता आणि सरहद्दीवरच्या नेफाच्या डोंगरांत अडकलेल्या जवानांना वरून धान्य टाकत होता. मुदत संपत आली तेव्हा साहेबांनी विचारलं, पुढे राहायचं का. त्याच आठवड्यात घरून तार आली, की वडील डोमाजी अंथरुणाला खिळले आहेत. वसंतानं नको म्हणून लिहून दिलं आणि घर गाठलं. डोमाजी दोन महिन्यांत गेले. घरी येण्याचं कारण संपलं, पण येणं होऊन गेलं होतं.

लढाईबद्दल मात्र लोक विचारत.

"तिथी तू काय केलं?"

"तांदूळ टाकले."

"अन् बॉम्ब?"

"बॉम्ब नाही. तांदूळ, डाळ. कधी मीठ."

बालाघाट हा भाताचा मुलूख. तांदूळ टाकायला माणसाला इतक्या लांब आसामात जावं लागतं हे कोणाच्या गळी उतरण्यासारखं नव्हतं.

प्रेमलालजींनी त्याला आपल्या बस कंपनीत मॅनेजर म्हणून ठेवून घेतलं. प्रेमलालजी कटंगीकडचे, घरचे मोठे शेतकरी. त्यांच्या दोन गाड्या बालाघाटहून कटंगीवरून तुमसरला जात आणि जमेल तेव्हा परत येत. ज्यानं विमान वेळेवर नेलं तो बस नेईलच, असा त्यांचा हिशेब होता.

पहिल्याच दिवशी ऑफिसात एक अडचण आली. उक्यांचं घर बौद्ध. छप्पन साली डोमाजी सगळ्यांना घेऊन नागपूरला गेले होते आणि दीक्षा घेऊन परतले होते. पण धर्म बदलला तरी ऑफिसाच्या बाहेर भिंतीला एक खिळा होता, आणि त्यांच्या वस्तीतल्या माणसाला चहा द्यायचा वेगळा कप त्या खिळ्याला टांगलेला असे, तो तसाच होता. आता आलेला माणूस सरकारी अधिकारी राहून आलेला. त्याला कोणत्या कपात चहा द्यायचा याचा नियम कोणाजवळ नव्हता. प्रेमलालजींनी अर्धा दिवस विचार केला. मग त्यांनी ऑफिसातले सगळे कप काढून टाकले आणि बाजारातून सारखे दिसणारे नवे आणले. खिळा राहिला. पुढे वसंता त्याला आपली छत्री टांगू लागला.

वसंताची बायको कमला भंडाऱ्याची. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. शाळेत नागपूरचं वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन यायचं, आणि ते सगळ्यांचं वाचून झालं की कमला घरी आणायची. सहासष्ट सालच्या थंडीत तिनं एक पान दुमडून वसंतासमोर ठेवलं. हवाई दलाच्या राखीव शाखेसाठी माजी वैमानिक हवे होते. आपापली नोकरी करायची, महिन्यातून दोनदा शनिवार-रविवारी नागपूरला येऊन विमान चालवायचं, आणि लढाई लागली तर हजर व्हायचं.

"अर्ज करा," कमला म्हणाली.

"इथून नागपूर किती दूर आहे, तुले मालूम आहे ना?"

"मी अंतर नाही विचारलं."

अंतराचा मुद्दा तसा खरा होता. बालाघाटहून गोंदियाला छोट्या लाइनची गाडी. चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडावी आणि परत चढावं, असं लोक त्या गाडीबद्दल म्हणत, आणि ते फारसं खोटं नव्हतं. गोंदियाला गाडी बदलून मग पुढे नागपूर. वसंतानं हे सगळं कमलाला पुन्हा समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि शाई आणून दिली.

मुलाखतीला नागपूरला जावं लागेल असं दोघांना वाटलं होतं. पण बैहरच्या जंगलात एक जुनी धावपट्टी होती, ती अजून कामाची आहे का हे पाहायला अधिकारी येणार होते, आणि जाता जाता बालाघाटच्या रेस्ट हाऊसवर ते उक्यांची मुलाखत घेणार होते. येताना मालकाची संमती आणावी, असंही कळवलं होतं.

प्रेमलालजींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मी बी येतो."

"सेठजी, तुमचं येणं जरूरी नाही. चिठ्ठी दिली तरी चालते."

"चिठ्ठी मी कोणाले देत नाही. माह्या माणसाले कोण मांगून राह्यलं, त्याले एकदा पाह्यलं पाहिजे."

मुलाखतीच्या दिवशी वसंतानं जुना निळा कोट काढला. तो पोटावर थोडा आखूड झाला होता. आई जिजाबाईनं बुद्धाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, पोराकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग ती तशीच आत गेली. वसंताला वाटलं, कोटाबद्दल असेल.

रेस्ट हाऊसच्या मोठ्या खोलीत एका लांब टेबलामागे तीन खुर्च्या मांडल्या होत्या आणि मधल्या खुर्चीत एकटे विंग कमांडर दिघे बसले होते. बुटके, जाड भिवयांचे, बेळगावकडचे गृहस्थ. त्यांना सर्दी झाली होती.

"बोर्ड तिघांचं आहे," ते म्हणाले. "उरलेले दोघे बैहरच्या घाटात जीपपाशी उभे आहेत. जीप चालत नाही. मी मागून आलेल्या बसनं आलो."

"कोणत्या बसनं, सर?" वसंतानं विचारलं.

"का?"

"आमची त्या बाजूला नाही. म्हणून विचारलं."

दिघ्यांनी नाक पुसलं. "त्या दोघांचे प्रश्न माझ्याकडे लिहिलेले आहेत. ते मी विचारणार आहे. ते माझे आहेत असं समजू नका. राष्ट्रसेवेची तुमची कल्पना काय?"

वसंतानं कल्पना सांगितली. दिघ्यांनी ती लिहून घेतली.

"छंद?"

"नाही, सर."

"इथं जागा ठेवलेली आहे. काहीतरी लिहावं लागेल."

"वाचन लिहा, सर."

"काय वाचता?"

"टायर कंपन्यांची माहितीपत्रकं."

दिघ्यांनी 'वाचन' एवढंच लिहिलं आणि तो कागद बाजूला सारला. "झाले त्यांचे प्रश्न. आता माझे. नोकरी का सोडलीत?"

"वडील आजारी होते."

"आता कसे आहेत?"

"वारले, सर."

"पुढे राहायचं का असं विचारलं होतं तुम्हाला. इथं नोंद आहे. कायम कमिशनसाठीही प्रयत्न करता आला असता."

"हो, सर."

"केला नाहीत."

"नाही, सर."

"मग आता परत का यायचंय?"

याचं उत्तर कमलानं आणि त्यानं मिळून तयार केलं होतं. देशानं आपल्या शिक्षणावर खर्च केला आहे, तो अनुभव वाया जाऊ नये, संकटसमयी उपयोगी पडावा. वसंतानं ते न अडखळता म्हणून दाखवलं. दिघ्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"हे मी या महिन्यात जबलपूरला ऐकलं, रायपूरला ऐकलं. शब्द थोडे मागेपुढे होतात. याशिवाय काही?"

वसंतानं विचार केला. याशिवाय बरंच काही होतं. पहाटे धुक्यातून वर निघालं की ढगांवर अचानक ऊन असायचं आणि चाकं आत जाताना खालून एक हलका धक्का लागायचा. तो धक्का आठवला की तिकिटांचे गठ्ठे मोजतानाही तो आकडा विसरायचा. पण हे टेबलापलीकडच्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करावी हेही कळेना.

"नाही, सर," तो म्हणाला.

दिघ्यांनी कागदावर अर्धी ओळ लिहिली. ती चांगली नसावी असं वसंताला वाटलं, आणि त्याचा अंदाज बरोबर होता. ती ओळ पुढे नागपूरला त्यानं स्वतः वाचली. 'सभ्य, प्रामाणिक, इच्छा दिसत नाही.'

"मालक आलेत का?" दिघ्यांनी विचारलं.

प्रेमलालजी आत आले, नमस्कार केला आणि बोर्डाच्या रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीत बसले. दिघ्यांनी त्यांना दुसरीकडे बसायला सांगायचा विचार केला असावा, पण सर्दीमुळे तो सोडून दिला.

"महिन्यातून दोन शनिवार-रविवार हा माणूस तुमच्याकडे नसेल. चालेल का?"

"देखो साहेब, इतवारी पॅसेंजर कमी राह्यते. पण लगनसराईत काय करायचं?"

"लग्नसराईत विमानं बंद ठेवता येणार नाहीत."

"बरं. अन् लढाई लागली तं?"

"मग त्याला महिना, दोन महिने, लागतील तितके दिवस यावं लागेल. त्याची जागा तुम्हाला राखून ठेवावी लागेल."

"लढाई किती चालते?"

"ते सांगता येत नाही."

"मागची पाकिस्तानची तीन हप्ते चालली. तेवढी चालन मले." प्रेमलालजी थोडे पुढे झुकले. "एक बात विचारतो. इमानाच्या बाजूले कंपनीचं नाव लिहिता येईन का? मी रंग देतो."

"नाही."

"खालून कोणी वाचणार नाही, ते बी खरं आहे," प्रेमलालजी म्हणाले. त्यांनी संमती दिली. ते तसेच बसून राहिले, कारण त्यांना उठा असं कोणी म्हटलं नाही.

एवढ्यात दाराशी बोलणं ऐकू आलं. चौकीदार भोजराज कोणालातरी हिंदीत थांबवत होता आणि ते माणूस मराठीत पुढे येत होतं. जिजाबाई होती. हातात जेवणाचा डबा होता.

"साहेब, ये बाई बोल रही है कि लड़के का खाना लाई है," भोजराज म्हणाला.

"येऊ द्या," दिघे म्हणाले. दुपार होत आली होती आणि त्यांचा प्रश्नांचा कागद संपला होता.

जिजाबाई आत आली. दिघ्यांनी खुर्ची दाखवली. ती खुर्चीच्या अगदी काठावर टेकली आणि डबा मांडीवर धरून बसली.

"माय, डबा ठेव अन् घरी जा," वसंता म्हणाला.

"जातो. साहेबाले एक सांगाचं आहे, ते सांगून जातो." ती दिघ्यांकडे वळली. "मागून तुम्ही म्हणसान का यायनं लपवून ठेवलं. म्हणून आधीच सांगतो. पोराच्या पायाले रोग आहे."

वसंता उभा राहिला. दिघ्यांनी हातानं त्याला बसायला सांगितलं.

"कसला रोग?"

"सांजच्याले बाहेर खाटेवर बसते. कोणाशी बोलत नाही. अन् पाय हालते."

"कुठला पाय?"

"दोन्ही. एक पुढं जाते तं दुसरा मागं येते. मंग तो पुढं, हा मागं. त्याले सोताले मालूमच राहत नाही. आधी मले वाटलं मुंग्या येत असन. तेल लावून पाह्यलं. लामत्याच्या वैद्याची पुडी देल्ली. वर्ष होऊन गेलं, काही फरक नाही."

तेल आणि पुडी दोन्ही वसंताच्या लक्षात होती. आईला वाटतंय तर लावू दे, या वयात पायाला तेल बरंच असतं, असा विचार करून तो पाय पुढे करत आला होता. पुडी कडू होती. तीही त्यानं घेतली. हे कशासाठी चाललं आहे हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. आपले पाय हलतात हे तो आत्ता पहिल्यांदा ऐकत होता.

"लाखोळीनं पाय जाते म्हंतेत," जिजाबाई पुढे सांगत होती. त्या भागात लाखोळीची डाळ स्वस्त, घरोघर शिजायची, आणि फार खाल्ली की माणूस लंगडा होतो हेही सगळ्यांना माहीत होतं. "म्हणून लाखोळी घरात आणणंच बंद केलं. तुरीचं वरण करतो आता. तरी नाही."

दिघे तिच्याकडे पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "रोज होतं का हे?"

"रोज नाही. हवा सुटली का जास्त."

"हवा सुटली की?"

"हौ. नदीकडून हवा आली का लयच हालते."

दिघ्यांनी रुमाल खिशात घातला. "आणि खाट? खाट कशी असते? म्हणजे तोंड कुठं करून बसतात हे?"

"तोंड बसस्टँडकडं. नदी उजव्या हाताले राह्यते."

प्रेमलालजींना वाटलं साहेब आता नाही म्हणणार, आणि त्यांना जरा बरंही वाटलं आणि जरा वाईटही.

दिघे वसंताकडे वळले. ते आता इंग्रजीत बोलत होते आणि त्यांचा आवाज बदलला होता. "वारा उजवीकडून आहे. डाकोटा उतरवताय. काय करता?"

"उजवा पंख थोडा खाली, सर. डावा पाय दाबून नाक सरळ."

"चाकं टेकली. मग?"

"मग खरं काम सुरू होतं, सर. शेपटी खाली येते तसं विमान वाऱ्याकडे तोंड वळवायला बघतं. डावा पाय. पण फार दाबला तर डावीकडे जातं, म्हणून लगेच उजवा. परत डावा."

"कधीपर्यंत?"

"थांबेपर्यंत, सर."

"थांबेपर्यंत," दिघे म्हणाले. तेही पूर्वी डाकोटावर होते. टेबलाखाली त्यांचे बूट फरशीवर हळूच घासल्याचा आवाज आला. तो फक्त प्रेमलालजींनी ऐकला, कारण ते त्यांच्या शेजारी बसले होते.

यातलं काही जिजाबाईला कळलं नाही. इंग्रजी थांबल्यावर तिनं विचारलं, "साहेब, औषध आहे का याले?"

"आहे," दिघे म्हणाले.

"कोठी भेटते?"

"नागपूरला. महिन्यातून दोनदा जावं लागेल."

जिजाबाईनं थोडा विचार केला. "चालन," ती म्हणाली. "लामत्याच्या वैद्याचा तं काही उपेग नाही."

दिघ्यांनी मघाचा कागद ओढला, लिहिलेल्या अर्ध्या ओळीतले शेवटचे शब्द एका रेघेनं खोडले आणि वर दुसरे लिहिले. मग डब्यात काय आहे असं विचारलं. भात, तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी होती. ते सगळं चौघांनी टेबलाशी बसून खाल्लं. घाटातले दोघे संध्याकाळी बैलगाडीला जीप बांधून पोचले तेव्हा मुलाखत होऊन गेली होती. दिघ्यांनी त्यांच्या सह्या घेतल्या.

वसंता घरी आला तेव्हा कमला वह्या तपासत होती. त्यानं सगळं सांगितलं.

"तुले मालूम होतं, माह्ये पाय हालतेत?" त्यानं विचारलं.

"हो."

"अन् ते काहून हालतेत ते?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं. तुम्ही तोंडानं आवाजही काढता."

"मंग सांगतलं काहून नाही?"

कमलानं एका वहीवर बरोबरची खूण केली. "सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं."

उन्हाळ्यात बोलावणं आलं. शुक्रवारी संध्याकाळी वसंता छोट्या लाइनच्या गाडीत बसला, गोंदियाला गाडी बदलून शनिवारी सकाळी नागपूरच्या तळावर हजर झाला. तिथे डाकोटा नव्हतं. शिकाऊ पोरांसाठी असतं ते हार्वर्ड नावाचं एका पंख्याचं विमान होतं, आणि मागच्या सीटवर बसलेला प्रशिक्षक वसंताहून बराच लहान होता. वर गेल्यावर सगळं ठीक झालं. उतरताना विमान उसळलं, परत टेकलं, परत उसळलं. खाटेवर तो कधी उसळला नव्हता.

"किती वर्षांनी उडवताय?" प्रशिक्षकानं मागून विचारलं.

वसंतानं सांगितलं.

"मग ठीक आहे," प्रशिक्षक म्हणाला. "परत जाऊ या."

ते परत वर गेले. रविवारी संध्याकाळपर्यंत उसळणं थांबलं होतं. सोमवारी वसंता गाडीतून उतरला तो थेट बस ऑफिसात गेला. प्रेमलालजींनी विचारलं, "कसं काय?" तो म्हणाला, "झालं." मग तुमसरच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटल्याची गोष्ट निघाली आणि दिवस त्यातच गेला. मात्र त्या दिवशी ड्रायव्हर महागूनं घरी जाऊन बायकोला सांगितलं की मॅनेजर आज पाटा तुटला तरी हसत होता.

पावसाळ्याच्या सुमाराला जिजाबाईच्या लक्षात आलं की खाटेवर पाय हलत नाहीत. वारा सुटला तरी नाहीत. ती दोन-तीन आठवडे लक्ष ठेवून राहिली, मग तिनं लाखोळी आणून शिजवली. वसंता दोनदा मागून जेवला.

हे चार वर्षं चाललं. या काळात लढाई लागली नाही, लग्नसराया मात्र लागल्या. त्यातल्या एकीत वसंता तळावरून परत येऊन कोटासकट बसच्या टपावर चढला आणि वऱ्हाडाच्या ट्रंका बांधून खाली उतरला. पुढे सरकारनं ती तुकडी बंद केली. शेवटच्या दिवशी छोटासा कार्यक्रम झाला, चहा झाला, दिघे आले होते. निवृत्तीनंतर बेळगावला बाग करणार असं ते म्हणाले. वसंतानं हेल्मेट जमा केलं, पावती घेतली आणि गोंदियाची गाडी पकडली. त्याला वाईट वाटलं, पण मागच्या वेळेसारखं नाही. त्या वेळी कोणीतरी दार लावून घेतल्यासारखं वाटलं होतं. या वेळी तो स्वतः ओसरीवरून उठल्यासारखा उठला.

पण बंद होण्याच्या आदल्या थंडीत एक गोष्ट झाली, ती सांगायला हवी. वाट शोधत जाण्याच्या सरावात त्याला नागपूर-गोंदिया-बालाघाट आणि परत असा रस्ता मिळाला. त्यानं घरी आणि ऑफिसात सांगून ठेवलं की शनिवारी अकराच्या सुमाराला वरून जाईन.

वरून जाणं त्याला वाटलं होतं त्याहून फार लवकर संपलं. वैनगंगा आली, रेल्वेची बारीक रेघ आली, बसस्टँड आलं, कटंगीच्या रस्त्यावर कंपनीची गाडी मुंगीसारखी चाललेली दिसली. त्यानं एकदा विमान कलतं करून वळवलं, वस्तीवरून नेलं, आणि बालाघाट मागे पडलं. चहा प्यायला याहून जास्त वेळ लागतो.

सोमवारी घरी आल्यावर कळलं की सगळ्यांनी त्याला पाहिलं होतं. प्रेमलालजींच्या म्हणण्याप्रमाणे वसंतानं त्यांना हात दाखवला होता. कमलानं शाळेच्या सगळ्या पोरींना मैदानात रांगेत उभं केलं होतं. पोरी आधीपासूनच वर पाहत होत्या, आणि लांबवर काहीतरी काळं घिरट्या घालताना दिसलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवून, हात हलवून त्याचं स्वागत केलं. ते गिधाड होतं. खरं विमान आलं तेव्हा मुख्याध्यापिका दुर्गाबाईंनी पोरींना वर्गात नेलं होतं.

"तुम्ही पाहिलं का?" वसंतानं कमलाला विचारलं. तो तिला कधी अहो-जाहो करत नसे. त्या दिवशी का केलं कोण जाणे.

"पाहिलं," कमला म्हणाली. "मी मैदानातच थांबले होते."

जिजाबाई अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मी बी पाह्यलं," ती म्हणाली. "लय लहान दिसते खालून. तुले आम्ही दिसलो का?"

"नाही, माय. माणसं नाही दिसत."

"अन् घर?"

"घर दिसलं."

"कवेलू कसे आहेत?"

वसंतानं आठवून पाहिलं. विमान कलतं झालं तेव्हा पंखाच्या टोकाखालून कौलारू छप्पर गेलं होतं. लाल कवेलू होते, त्यावर भोपळ्याचा वेल होता.

"मागच्या अंगाले फुटले आहेत," तो म्हणाला. "चुलीच्या वर. काळं दिसत होतं."

"मी म्हणतच होतो," जिजाबाई म्हणाली. "तिथूनच गळून राह्यलं."

वसंतानं कोट काढून दाराला अडकवला, शेजारच्या पुनारामकडून शिडी मागून आणली आणि छपरावर चढला. कवेलू त्याच जागी फुटले होते. खालून कमला एक-एक नवा वर देत गेली आणि तो बसवत गेला.